अखंड प्रार्थना, अपुरा दिवस : मराठी ख्रिस्ती जीवनातील ईश्वरसान्निध्याचा आढावा

प्रश्न कोणता

रविवारची उपासना संपली, मंडळी घरी गेली, की देवाशी असलेले नाते सोमवार ते शनिवार कसे टिकवायचे? ख्रिस्ती धर्मजीवनात या प्रश्नाइतका जुना आणि इतका रोजचा प्रश्न क्वचितच दुसरा असेल. धर्मशास्त्राचे अभ्यासक त्यावर ग्रंथ लिहितात आणि पहाटे पाण्याच्या नळावर उभी असलेली बाईही तोच प्रश्न मनात घोळवते.

सोलापुरात हा प्रश्न अधिक टोकदार होतो. १८७०च्या दशकात जुनी गिरणी उभी राहिल्यापासून हे शहर कष्टकऱ्यांचे आहे. गिरण्या बंद पडल्या, तरी यंत्रमाग, चादरी-टॉवेलांचे कारखाने आणि घरोघरी विड्या वळणाऱ्या बायका यांवर शहराचा मोठा भाग जगतो. इथे मराठी, तेलुगू आणि कन्नड एकाच गल्लीत ऐकू येतात. जिल्ह्यात पंढरपूर आणि अक्कलकोट आहे, शहराच्या मध्यभागी सिद्धेश्वर आहे, त्यामुळे नामस्मरण, भजन आणि वारी हा इथल्या हवेचाच भाग आहे. त्यात ख्रिस्ती समाज संख्येने लहान. २०११च्या जनगणनेप्रमाणे राज्यात ख्रिस्ती लोक सुमारे १०.८ लाख, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी होते. दिवसभर भक्तीचे सूर कानावर पडणाऱ्या आणि दिवसाचे तास मजुरीला बांधलेल्या या शहरात ख्रिस्ती माणसाने देवाजवळ कसे राहावे, याची वेगवेगळी उत्तरे दिली गेली आहेत. ती कुठून आली, एकमेकांपुढे कशी उभी आहेत आणि कोणते मुद्दे अजून सुटलेले नाहीत, ते या लेखात क्रमाने पाहू.

जुनी पार्श्वभूमी

वादाचे मूळ नव्या करारातच आहे. थेस्सलनीका येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल अखंड प्रार्थना करायला सांगतो. त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, कोणावर आपला भार पडू नये म्हणून आपण रात्रंदिवस कष्ट केले, अशी आठवण तो करून देतो. प्रेषितांच्या कृत्यांमध्ये त्याचा धंदा तंबू करण्याचा असल्याची नोंद आहे. थोडक्यात, ही आज्ञा देणारा माणूस स्वतः हातावर पोट असलेला कारागीर होता. मग काम करता करता अखंड प्रार्थना कशी व्हायची?

पहिले उत्तर ठरलेल्या वेळांचे होते. दानिएल दिवसातून तीनदा प्रार्थना करत असे आणि एकशेएकोणिसाव्या स्तोत्राचा कर्ता सात वेळांचा उल्लेख करतो. ‘दिदाखे’ या अगदी आरंभीच्या ख्रिस्ती पुस्तिकेत प्रभूची प्रार्थना रोज तीनदा म्हणावी, असा नियम आहे. दुसरे उत्तर तिसऱ्या शतकात ओरिगेनने दिले. त्याच्या मते भक्ताचे सगळे आयुष्य हीच एक मोठी प्रार्थना असते आणि आपण एरवी जिला प्रार्थना म्हणतो ती तिचा एक भाग.

चौथ्या शतकात सिरिया आणि मेसोपोटेमिया भागात एक पंथ निघाला. अखंड प्रार्थना करायची तर हाताने काम करता येणार नाही, अशी त्याची शिकवण होती. ४३१ साली इफिसच्या धर्मपरिषदेने ती अमान्य केली. या पंथाचे काही जण इजिप्तमधील लूसियस नावाच्या वृद्ध तपस्व्याकडे गेल्याची कथा वाळवंटातील संतांच्या आठवणींमध्ये आहे. लूसियसने त्यांना सांगितले की तो दोर वळताना छोटी प्रार्थना पुनःपुन्हा म्हणतो, मिळालेल्या पैशातले थोडे गरिबांना देतो, आणि तो जेवत किंवा झोपत असतो त्या वेळी ते गरीब त्याच्यासाठी प्रार्थना करतात. अशा रीतीने त्याची प्रार्थना खंडत नाही. काम, स्मरण आणि परस्परांचा आधार या तिन्ही गोष्टी या उत्तरात एकत्र आल्या आहेत. हे उत्तर एकट्याच्या साधनेचे नाही, आणि पुढच्या चर्चेत नेमका हाच भाग बऱ्याचदा मागे पडला.

पाचव्या शतकाच्या आरंभी प्रोबा नावाच्या विधवेला लिहिलेल्या पत्रात ऑगस्टिनने मनातल्या ओढीवर भर दिला. ओढ चालू असेल तर प्रार्थना चालू आहे. शब्द अधूनमधून ती ओढ जागी करण्यासाठी असतात. पूर्वेकडील मंडळ्यांमध्ये येशूच्या नावाची छोटी प्रार्थना श्वासाबरोबर म्हणण्याची परंपरा रुजली. पश्चिमेकडे बेनेडिक्टच्या मठांनी दिवसाची वाटणी प्रार्थना, वाचन आणि श्रम अशी केली. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने पेटर नावाच्या आपल्या न्हाव्यासाठी १५३५ साली प्रार्थनेवर एक छोटी पुस्तिका लिहिली. त्याच शतकात इग्नेशियस लोयोला यांनी दिवसाकडे मागे वळून देव कुठे भेटला हे तपासण्याची सवय आपल्या अनुयायांना लावली. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेली मठातील स्वयंपाकघरात राबणारे ब्रदर लॉरेन्स भांडी घासताना आणि वेदीपुढे गुडघे टेकताना सारखेच देवासमोर असत. त्यांच्या आठवणी आणि पत्रे त्यांच्या मृत्यूनंतर पुस्तकरूपाने आली आणि कॅथलिक-प्रोटेस्टंट दोघांनीही ती आपलीशी केली.

मराठी मुलखातली वाट

मराठीत या प्रश्नाची सुरुवात गोव्यात झाली. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ नवख्रिस्ती लोकांना मोठ्याने वाचून दाखवण्यासाठी होता. पुराणश्रवणाची सवय असलेल्या समाजाला ख्रिस्ताची कथा त्याच्याच कानाच्या वळणाने मिळावी, हा त्यामागचा विचार होता.

देशावर दुसरी वाट आली. अमेरिकन मराठी मिशनने १८१३ मध्ये मुंबईत काम सुरू केले, १८३१ मध्ये अहमदनगर गाठले आणि १८६०च्या दशकात सोलापूर. चार्ल्स हार्डिंग आणि त्यांच्यामागून आलेले लोरिन गेट्स यांची नावे इथल्या कामाशी जोडलेली आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत सोलापूरच्या मिशनने अनाथ मुले सांभाळली. मेरी हार्डिंग यांनी इथे बालशिक्षणाचा पाया घातला. या मिशनऱ्यांच्या भक्तीचा कणा होता रोजचे बायबलवाचन आणि घरातली सामुदायिक प्रार्थना. त्यासाठी वाचता येणे आवश्यक होते, म्हणून शाळा आणि उपासनामंदिर शेजारीशेजारी उभी राहिली. १८४२ पासून निघणाऱ्या ‘ज्ञानोदय’ नियतकालिकाने ही वाचनाची भक्ती गावोगावी नेली.

पण नगर-सोलापूरकडच्या मंडळ्यांतले बहुसंख्य लोक ज्या दलित जातींतून आले होते, त्यांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षरापासून दूर ठेवले गेले होते. त्यांची भक्ती गाण्यात होती. ही गरज नारायण वामन टिळकांनी ओळखली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने तुकोबांच्या वाटेवरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे मानले आणि ख्रिस्ताला माय व गुरू म्हणून हाक मारणारी शेकडो पदे व अभंग लिहिले. ‘उपासना संगीत’ या मराठी गीतसंग्रहात आजही त्यांचा वाटा सर्वांत मोठा आहे. १९१७ मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा सर्व ख्रिस्तभक्तांचा तो बंधुसंघ असणार होता. दोनच वर्षांनी, १९१९ मध्ये, ते गेले.

पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावरच्या केडगावात तिसरी वाट फुटली. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली मुलींचे गट रोज पवित्र आत्म्यासाठी प्रार्थना करू लागले आणि त्या वर्षीच्या जूनमध्ये तिथे मोठे संजीवन झाले. शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करत, रडत, गात. अमेरिकेतील लॉस एंजेलिसचे अझुसा स्ट्रीट येथील संजीवन त्यानंतरचे, १९०६चे. मुक्तीतल्या स्त्रिया त्याच काळात शेती, विणकाम आणि छापखानाही चालवत होत्या. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले मराठी बायबल तिथल्याच छापखान्यात, स्त्रियांच्या हातांनी जुळवलेल्या अक्षरांत छापले गेले आणि १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

विसाव्या शतकात आणखी दोन घटनांनी चित्र बदलले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) लोकभाषेतील उपासनेला दार उघडले आणि कॅथलिक मिस्सा मराठीत होऊ लागली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि वेगवेगळ्या मिशनांतून वाढलेल्या अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या एका छत्राखाली आल्या. त्यानंतरच्या दशकांत, पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या स्वतंत्र पेंटेकॉस्टल मंडळ्या शहरांच्या वस्त्यांमध्ये वाढल्या.

पाच भूमिका

आजच्या चर्चेत ढोबळमानाने पाच भूमिका दिसतात.

पहिली भूमिका ठरलेल्या वेळेची. सकाळी उठल्यावर बायबलचा एक उतारा, त्यावर मनन आणि प्रार्थना. रात्री घरातल्या सर्वांनी मिळून एक गीत, एक शास्त्रपाठ आणि प्रभूची प्रार्थना. जुन्या मिशन-मंडळ्यांतून वाढलेल्या घरांचा हा वारसा आहे. ही भूमिका मांडणारे म्हणतात की मन चंचल असते. वेळ राखून ठेवली नाही तर दिवस ती गिळून टाकतो. शिवाय देव आपल्या वचनातून बोलतो, तेव्हा वचन उघडल्याशिवाय नाते एकतर्फी राहते.

दुसरी भूमिका संस्कारांची. कॅथलिक परंपरेत जोडलेपणाचा गाभा मिस्सा आणि पवित्र कम्युनियन आहे. त्याभोवती पापनिवेदन, रोझरीची माळ, संतांचे सण आणि उपवासकाळ असे वर्षाचे चक्र फिरते. या भूमिकेचे बळ असे की नाते माणसाच्या मनःस्थितीवर अवलंबून राहत नाही. माणूस थकलेला असो, कोरडा असो, देव आपणहून भाकरीच्या रूपाने येतो आणि चर्चची प्रार्थना त्याला आपल्यात सामावून घेते.

तिसरी भूमिका भक्ती आणि ध्यानाची. टिळकांनंतर जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ सुरू केला आणि पुढे पुण्यात आश्रमजीवनाचा प्रयोग केला. टिळकांचे इंग्रजी चरित्रही त्यांनीच लिहिले. जेझुइट फादर अँथनी डिमेलो (१९३१-८७) यांनी आधी पुण्यात आणि नंतर लोणावळ्यात ‘साधना’ संस्थेमार्फत श्वास, शांतता आणि सजगतेचे अभ्यास ख्रिस्ती प्रार्थनेत आणले. त्यांचे ‘साधना’ हे पुस्तक १९७८चे. नामस्मरण, भजन आणि मौन या भूमीने शतकानुशतके जोपासले आहेत, ख्रिस्ती माणसाने ते परके का मानावेत, असा या भूमिकेचा प्रश्न आहे.

चौथी भूमिका पवित्र आत्म्याच्या अनुभवाची. उपास-प्रार्थना, मोठ्याने स्तुती, अन्य भाषांत बोलणे, आजाऱ्यांसाठी प्रार्थना आणि साक्ष ही तिची अंगे. कॅथलिकांमध्येही १९६७ पासून कॅरिस्मॅटिक चळवळीने हाच सूर आणला. इथे प्रार्थना कोणी शिकलेल्याने लिहून द्यावी लागत नाही. ज्यांना एरवी कुणी बोलू देत नाही, त्यांना देवापुढे आणि मंडळीपुढे स्वतःच्या शब्दांत बोलता येते. मुक्तीच्या मुलींपासून आजच्या वस्तीतल्या प्रार्थनासभेपर्यंत या भूमिकेचे हे सामर्थ्य दिसते.

पाचवी भूमिका कामाची आणि न्यायाची. ब्रदर लॉरेन्स यांचा धागा विसाव्या शतकात फ्रँक लॉबाक यांनी उचलला. सोलापूरला मिशनरी पाठवणाऱ्या त्याच अमेरिकन बोर्डाचे ते फिलिपिन्समधील मिशनरी. १९३० मध्ये त्यांनी दिवसाच्या प्रत्येक मिनिटाला देवाची आठवण ठेवण्याचा प्रयोग केला आणि त्याच काळात निरक्षर प्रौढांना वाचायला शिकवण्याचे कामही उभे केले. भारतात अरविंद निर्मल यांनी १९८१ मध्ये दलित ईश्वरविद्येची मांडणी सुरू केली. त्यांच्या मते दुःख भोगणाऱ्या माणसाला देव आपल्याच वेदनेत भेटतो. त्यामुळे शेजाऱ्याच्या अपमानाकडे पाठ फिरवून मिळवलेली शांती हे देवाशी जोडलेपण नव्हे, असे ही भूमिका सांगते.

या पाच भूमिका कागदावर वेगळ्या दिसतात. घराघरांत त्या मिसळतात. मिस्सेला नियमाने जाणारी व्यक्ती शेजारच्या उपास-प्रार्थनेला बसते, आणि पेंटेकॉस्टल सभेतही टिळकांचे पद म्हटले जाते. वाद प्रामुख्याने कशाला गाभा मानायचे आणि कशाला पूरक, याचा आहे.

मतभेदाचे मुद्दे

पहिला मतभेद पुनरावृत्तीचा आहे. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशूने पोकळ बडबडीविरुद्ध इशारा दिला आहे. त्याच्या आधारे अनेक प्रोटेस्टंट माळ आणि जप दोन्ही नाकारतात. उलट बाजूचे लोक लूकच्या अठराव्या अध्यायातील न्यायाधीशाकडे खेटे घालणाऱ्या विधवेकडे बोट दाखवतात आणि म्हणतात की येशूचा रोख पोकळपणावर आहे, पुन्हा म्हणण्यावर नाही. आज मंडळ्यांतून एकच स्तुतीगीत अनेकदा आळवले जाते, त्यामुळे पुनरावृत्ती कोणाचीच मक्तेदारी राहिलेली नाही आणि वादाची धार थोडी कमी झाली आहे.

दुसरा मतभेद ध्यानपद्धतींच्या सीमेचा. १९८९ मध्ये व्हॅटिकनच्या श्रद्धाविषयक मंडळाने ख्रिस्ती ध्यानावर एक पत्र काढले. इतर धर्मांतील उपयुक्त पद्धती घ्यायला त्याने मनाई केली नाही. पण शरीराला किंवा मनाला मिळणारी शांतता म्हणजेच पवित्र आत्म्याचे कार्य असे मानू नये, आणि प्रार्थना व्यक्तिरूप देवाशी होणारा संवादच राहावा, असे बजावले. १९९८ मध्ये त्याच मंडळाने डिमेलो यांच्या काही लिखाणावर आक्षेप नोंदवले, तरी त्यांच्या सुरुवातीच्या लेखनातील गुणही मान्य केले. त्यांचे वाचक म्हणतात की या अभ्यासांनी त्यांची प्रार्थना पुन्हा जिवंत झाली. दलित ख्रिस्ती विचारवंतांपैकी काहींची शंका वेगळीच आहे : आश्रमाची वेशभूषा आणि संस्कृतप्रचुर भाषा ही कोणाची संस्कृती? ज्या परंपरेने आम्हाला दाराबाहेर ठेवले तीच भारतीय म्हणून परत का आणायची? वारकरी अभंग आणि आश्रमीय ध्यान यांचा विचार वेगवेगळा करावा लागेल, हे या शंकेतून स्पष्ट होते.

तिसरा मतभेद अनुभूतीचा. देव जवळ असल्याचे जाणवले नाही तर नाते तुटले का? अनुभवप्रधान सभांमध्ये वाढलेल्या माणसाला कोरडेपणा म्हणजे पाप किंवा अविश्वास वाटू शकतो. सोळाव्या शतकातील क्रूसाचे संत योहान यांनी अशा अंधाराला वाढीचा टप्पा मानले होते. मदर तेरेसा यांची पत्रे २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा दशकानुदशके त्यांना देवाची जवळीक जाणवत नव्हती, हे जगाला कळले. तरी त्यांची प्रार्थना आणि सेवा थांबली नव्हती. पेंटेकॉस्टल शिक्षकांनाही हा प्रश्न नवा नाही. रमाबाईंनी अन्य भाषांचे दान मान्य केले, पण तेच आत्म्याच्या अभिषेकाचे एकमेव चिन्ह आहे, असा आग्रह धरला नाही. तरीही दुःख, नैराश्य आणि आध्यात्मिक कोरडेपणा वेगळे कसे ओळखायचे, याबाबत मंडळ्यांमध्ये मार्गदर्शन अपुरे आहे.

काय सुटलेले नाही

सर्वांत मोठा अनुत्तरित प्रश्न वेळेचा आहे. एकांत, शांतता, उघडलेले पुस्तक, ठरलेला तास : बहुतेक पद्धतींनी या गोष्टी गृहीत धरल्या आहेत. एका खोलीत पाच-सहा माणसे राहत असतील, पाळी दर आठवड्याला बदलत असेल, विड्यांच्या हजारीवर मजुरी ठरत असेल, तर हा तास कुठून आणायचा? वेळ मिळाली नाही म्हणून आपण देवापासून दूर गेलो, असे अपराधीपण या लोकांवर, आणि विशेषतः स्त्रियांवर, फार सहज येते. मला हा अन्याय वाटतो. लूसियसचे दोर वळणे आणि मुक्तीचा छापखाना आपल्या परंपरेत असूनही श्रमाच्या आतली प्रार्थना आपण नीट शिकवत नाही. पाचव्या भूमिकेतही एक धोका आहेच : काम हीच प्रार्थना असे म्हणून विश्रांतीचा हक्क हिरावला जाऊ शकतो. शब्बाथाची आज्ञा चाकरांनाही विसावा देते, हे विसरता येणार नाही.

दुसरा प्रश्न भाषेचा. इंग्रजी शाळेत शिकणारी मुले हिंदी-इंग्रजी स्तुतीगीते गातात. आजी ‘उपासना संगीत’ गाते. काही घरांत प्रार्थना तेलुगूत होते. रात्रीची प्रार्थना एकत्र करायची तर ती कोणत्या भाषेत? फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला २०१३चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आणि २०२० मध्ये सोलापूरशेजारच्या उस्मानाबादेत भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. मराठी ख्रिस्ती शब्दाला मान मिळाला, परंतु तो घरातल्या मुलांच्या ओठांवर कसा राहील, याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

तिसरा प्रश्न मोबाइलचा. बायबल आता खिशात आहे, ऐकताही येते, त्यामुळे वाचता न येणाऱ्यांसाठी एक जुना अडसर दूर झाला. २०२० मध्ये टाळेबंदीत चर्च बंद झाली तेव्हा पडद्यावरच्या उपासनेने अनेकांना तारले. पण पडद्यावरून प्रभुभोजन घेता येते का, याबाबत मंडळ्यांत एकमत झाले नाही. आणि प्रार्थनेचे साधन तेच लक्ष विचलित करण्याचेही साधन आहे.

आज चर्चा कुठे उभी आहे

एवढे म्हणता येते की एकाच मार्गाचा आग्रह पूर्वीपेक्षा सैल झाला आहे. वचन, संस्कार, नाम, आत्मा आणि सेवा या पाचांपैकी कुठल्याही एकाला वगळून जोडलेपणाची पूर्ण व्याख्या करता येत नाही, हे प्रत्येक बाजूचे जाणते लोक मान्य करतात. क्रम कोणता लावायचा यावर मतभेद राहतील आणि ते राहण्यात गैर नाही.

पुढचे काम दोन दिशांनी व्हायला हवे. एक, सामान्य विश्वासणाऱ्यांच्या रोजच्या प्रार्थनेची नोंद. आपल्याकडे कवींचे, मिशनऱ्यांचे आणि संस्थांचे इतिहास आहेत. गिरणीकामगाराने, परिचारिकेने, विडी कामगार बाईने देवाची आठवण कशी जपली, याच्या आठवणी मंडळ्यांनी स्वतः गोळा करायला हव्यात, आणि जुनी पिढी आहे तोवरच हे शक्य आहे. दुसरे, प्रत्येक पद्धतीची पारख सर्वांत कमी वेळ असलेल्या माणसाच्या दिवसावर करणे. पाळक, धर्मगुरू आणि प्रार्थनागटांचे पुढारी यांनी एकत्र बसून छोट्या प्रार्थना, ऐकण्याचे शास्त्रपाठ आणि पाळीच्या वेळा सांभाळणाऱ्या घरसभा आखल्या, आणि एकाला वेळ नसताना दुसऱ्याने त्याच्यासाठी प्रार्थना करण्याची जबाबदारी उचलली, तर अखंड प्रार्थनेचा भार एकेकट्यावर न पडता सगळ्या मंडळीचा होईल. पौलाने ती आज्ञा लिहिली तीही एका मंडळीलाच.